‘यांना कसला आलाय अनुभव?’ असं विचारणाऱ्यांना

विशी-पंचविशीतली मुलंमुली पॉडकास्ट करतात आणि त्यात घरातलं बोलतात, याचा आपल्याकडच्या जाणत्या मंडळींना बराच राग आहे. आजीच्या आठवणी, आईशी उडालेला खटका, तुटलेली मैत्री, बाबांनी कधीतरी म्हटलेलं गाणं, याला विषय म्हणायचं का, असा त्यांचा सवाल असतो. यांनी अजून जग पाहिलेलं नाही, यांना कसला आलाय अनुभव. आधी जगावं, सोसावं, मग तोंड उघडावं, असा सल्ला पाठोपाठ येतो. शिवाय आत्ममग्न आहेत, घरातलं चव्हाट्यावर आणतात, भाषा धड नाही, गाणी घालून वेळ भरून काढतात, ऐकतं तरी कोण, ही पुरवणी असतेच.

हे आक्षेप घेणारी माणसं वाचणारी आहेत, त्यांचं मराठीवर प्रेम आहे, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं. माझ्या मते त्यांचे जवळजवळ सगळे आक्षेप चुकीचे आहेत, आणि पहिला तर सर्वांत जास्त.

‘आधी जगा, मग बोला’ हा सल्ला मराठीने पाळून पाहिलेला आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं; त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्येच गेले होते. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांनी पासष्टी ओलांडली होती आणि रेव्हरंड टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आनंदीबाई कर्वे यांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये निघालं, त्या ऐंशीच्या घरात असताना. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमचं’चं लिखाण घरच्यांच्या नजरेपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. घराविषयी चारचौघांत बोलायला मराठी बाईला आधी म्हातारं व्हावं लागलं, पुष्कळदा नवरा जाईपर्यंत थांबावं लागलं, नाहीतर लपून लिहावं लागलं.

ही पुस्तकं थोर आहेत आणि मी ती पुन्हापुन्हा वाचते. पण त्यांच्यात काय नाही, हेही पाहायला हवं. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या होत्या. त्या दिवसांचं वर्णन आपल्यापाशी आहे ते जवळजवळ चाळीस वर्षांनी केलेलं. मधल्या काळात राग निवला, दुःख पचलं, नवऱ्याशी समेट झाला, लिहिण्याचा सूर सापडला. त्या समजुतीतूनच ‘स्मृतिचित्रे’चं तेज आलं आहे. पण त्या आठवड्यात, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, ती तरुण बाई काय बोलत होती, कुणाशी बोलत होती, आवाज कसा होता, हे कायमचं गेलं. साठीतली आठवण हे विशीतल्या बोलण्याचं सुधारून काढलेलं रूप नसतं. या दोन वेगळ्या साक्षी आहेत. एकीत शेवट माहीत असतो, दुसरीत नसतो. आपण आजवर एकच साक्ष जपली आणि दुसरीला पोरकट म्हणून हाकललं.

दुसरी साक्ष काय देते याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बळकट उदाहरण शिकागोचं आहे, पॉडकास्ट हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हाचं. १९९३ मध्ये डेव्ह आयसे या रेडिओ निर्मात्याने तिथल्या दोन मुलांच्या हाती ध्वनिमुद्रक दिला. लेअॅलन जोन्स तेरा वर्षांचा, लॉइड न्यूमन चौदा वर्षांचा. दोघंही शहराच्या दक्षिण भागातल्या, आयडा बी. वेल्स यांचं नाव असलेल्या सरकारी वसाहतीच्या परिसरात वाढलेले. गरीब, काळे, गोळीबाराच्या आवाजाला सरावलेले. या मुलांनी मुद्रित काय केलं? घर. लेअॅलन आपल्याला वाढवणाऱ्या आजीशी बोलतो. मानसिक आजाराशी झगडणाऱ्या आईला तो वडिलांविषयी विचारतो. लॉइड दारूत बुडालेल्या बापासमोर माइक धरतो. मधल्या वेळात दोघं भटकतात, दंगा करतात, एकमेकांची टर उडवतात. ‘घेटो लाइफ १०१’ हा तो कार्यक्रम. त्या वसाहतींवर अहवालांचे ढीग पडले असतील, पण बापाला प्रश्न विचारणारा चौदा वर्षांचा मुलगा त्यांपैकी एकाही अहवालात बसणारा नव्हता.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, त्याच वसाहतीत एरिक मोर्स या पाच वर्षांच्या मुलाला दोन मुलांनी चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकलं. टाकणारे दहा आणि अकरा वर्षांचे होते. लेअॅलन आणि लॉइड पुन्हा ध्वनिमुद्रक घेऊन निघाले आणि त्यांच्या ‘रिमोर्स’ या दुसऱ्या कार्यक्रमाला पीबॉडी पुरस्कार मिळाला, अमेरिकेतल्या प्रसारण क्षेत्रातला फार मानाचा. आजीशी बोलता बोलता जे कान तयार झाले, त्यांनीच हे दुसरं काम पेललं. आजीशी नीट बोलता येणं ही पत्रकारितेची पहिली इयत्ता असू शकते.

जो रिचमन या निर्मात्याने १९९६ पासून ‘टीनेज डायरीज’ नावाने असंच काम केलं. त्यातल्या काही जणांना त्याने २०१३ मध्ये पुन्हा गाठलं. तोपर्यंत ती मुलं तिशी ओलांडलेली माणसं झाली होती. कुणी स्वतः आईबाप झालं होतं, अलाबामातला शाळेच्या फुटबॉल संघातला मुलगा नशेच्या गर्तेत जाऊन आला होता. दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकले की लक्षात येतं, पहिला आवाज दुसऱ्याला कितीही आठवून परत काढता आला नसता.

आता आपल्याकडे येऊ. इचलकरंजीला माझ्या मैत्रिणीची मुलगी राहते, वय बावीस. तिचे वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणून मजुरीवर कापड विणून देणारे. आजीने उमेदीची वर्षं कांड्या भरण्यात घालवली. घर कारखान्याला लागून, त्यामुळे यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून येत राहतो आणि मुद्रण अशक्य होतं. वीज गेली की माग थांबतात. तेवढ्यात ही आजीला बसवते, दोघींच्या डोक्यावरून एक वाकळ ओढून घेते म्हणजे आवाज घुमत नाही, आणि फोन उशीला टेकवून उभा करते. उन्हाळ्यात वाकळीखाली दोघी घामाने निथळतात. वीज आली की माग सुरू होतात आणि भाग जिथल्या तिथे तुटतो. काही भाग असे अर्ध्या वाक्यावर संपलेले आहेत, आणि तिने ते तसेच ठेवले आहेत.

त्यातल्या एका भागात ती ऐकणाऱ्यांना सांगते, की आजीला शिकायचं होतं पण घरच्यांनी शाळा सोडवली. वाकळीखालून लगेच आजीचा आवाज येतो, “सोडवली न्हाई गं, मीच पळून आलो. मास्तर मारत हुता.” नात गप्प. मग हसू. मग नात विचारते, की मग इतकी वर्षं आम्हाला वेगळं का सांगितलंस. त्यावर आजी जे सांगते, ते मी इथे लिहिणार नाही. ते तिच्या आवाजात ऐकायचं आहे.

आत्मचरित्रात हे घडू शकत नाही. तिथे लिहिणारा एकटा बोलतो आणि बाकीचं घर त्याच्या शब्दांत उभं राहतं. सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा केवढी खळबळ झाली, पु. ल. हयात होते, पण पुस्तकाच्या पानांत त्यांना मधेच बोलता येत नव्हतं. पुस्तकाची ती मर्यादाच आहे, सुनीताबाईंचा दोष नव्हे. या मुलीच्या पॉडकास्टमध्ये मात्र जिच्याविषयी बोललं जातं ती शेजारी बसलेली आहे आणि खोडून काढते आहे. आत्ममग्नतेचा आरोप करणाऱ्यांनी सांगावं, नायिकेला तिच्याच गोष्टीत खोटं पाडणारं दुसरं माणूस असताना आत्ममग्न राहायचं कसं?

आता चव्हाट्याचं. इथे टीकाकारांच्या हाती थोडं सत्य आहे आणि ते मी मान्य करते. लहान लेकरांना दिवसभर कॅमेऱ्यापुढे ठेवून, त्यांचं रडणं-रुसणं जाहिरातींसकट विकणारी कुटुंबं आज आहेत. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं खासगीपण विकणं वाईटच. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता जगाला ऐकवणं हाही विश्वासघात आहे, मग बोलणारा कितीही गोड आवाजाचा असो. पण त्यावरून निघणारा नियम ‘घरातलं बोलू नये’ असा होत नाही. ‘ज्याचं आहे त्याला विचारून बोलावं’ एवढाच होतो. ही मुलगी प्रत्येक भाग आधी घरात ऐकवते. दुरावलेल्या एका मैत्रिणीविषयी तिने एक अख्खा भाग केला होता, आणि तिने केलेल्या सगळ्या भागांत तो मला सर्वांत चांगला वाटतो. तो तिने त्या मैत्रिणीला पाठवला. मैत्रीण नको म्हणाली. तो भाग आजही बाहेर आलेला नाही. छापील आत्मचरित्रं लिहिणाऱ्या किती मान्यवरांनी मित्रांना ही संधी दिली होती?

आणि घरातलं बोलणं आपल्या परंपरेत नाही, हे तर मुळीच खरं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर आहे आणि २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्याने लोकांपुढे येतो आहे. काय आहे त्या ओव्यांत? सासूचा जाच, भावाची वाट, लेकीची पाठवणी, शेजारणीशी जडलेलं मैत्र, नवऱ्याविषयीची तक्रार. विषयांची यादी जशीच्या तशी तीच आहे, जिच्यावरून आज या मुलांना किरकोळ म्हटलं जातं. त्या ओव्या दळताना समोर बसलेल्या एका बाईसाठी होत्या, जगासाठी नव्हत्या, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. फरक आहे, आणि म्हणूनच वर सांगितलेली विचारून बोलण्याची अट मला मोलाची वाटते. पण विषय क्षुल्लक आहे हे म्हणणं तिथेच निकालात निघतं.

ही टीका करणाऱ्या पिढीने स्वतः काय ऐकलं, तेही आठवावं. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावजींची आणि मीना वहिनींची आठवण काढताना आजही लोकांचे डोळे चमकतात. तो घरगुती गप्पांचाच कार्यक्रम होता. ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात, आणि आपलं नाव रेडिओवर आलं म्हणून वाड्यात पेढे वाटले जात. घर, मैत्री आणि गाणं हेच त्या रेडिओचंही भांडवल होतं. बदललं इतकंच, की तेव्हा कलावंत लिहिलेलं घर सादर करत आणि आता घरातली मुलगी स्वतःचं घर सांगते.

हा बदल लहान नाही. भारतात रेडिओ केंद्र चालवणं ही व्यक्तीच्या हातातली गोष्ट कधीच नव्हती. २००२ मध्ये सामुदायिक रेडिओचं धोरण आलं ते शिक्षणसंस्थांपुरतं. २००६ मध्ये ते स्वयंसेवी संस्थांना खुलं झालं. त्यातून म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी चांगली केंद्रं उभी राहिली, पण परवाना संस्थेलाच मिळतो, एकट्या माणसाला नाही. आकाशवाणीच्या ‘युववाणी’ने तरुणांना माइक दिला हे तिचं मोठं ऋण, पण तिथेही कार्यक्रम काय असावा हे केंद्र ठरवी. पॉडकास्टचं तंत्र २००४ च्या सुमारास आकाराला आलं आणि त्याची बैठकच अशी होती, की ध्वनिफीत कुठेही ठेवावी, एका साध्या फीडमधून तिची वर्दी जावी आणि ऐकणाऱ्याने ती उतरवून घ्यावी. मधे परवाना देणारं कुणी नाही. इचलकरंजीतल्या खर्चीवाल्याच्या मुलीला माइक मिळण्याची दुसरी कोणतीही वाट आजवर नव्हती. संपादक नाही हा दोष मी कबूल करते. पण ज्या व्यवस्थेत संपादक होता, त्या व्यवस्थेने या मुलीला दारात उभं केलं असतं का, याचं उत्तर आधी द्यावं.

भाषेचं थोडक्यात. “मीच पळून आलो” हे वाक्य तिने प्रसिद्ध केलं, तेव्हा तिला लिंगभेद शिकवणारे संदेश आले. कोल्हापूर भागात बायका स्वतःविषयी ‘आलो’, ‘गेलो’, ‘करतो’ असंच बोलतात, हे या महाराष्ट्रात अजून सांगावं लागतं. आणि ते सांगावं लागतं, कारण शुद्ध मराठीच्या ध्वनिक्षेपकावरून ती बोली क्वचितच ऐकू आली. जी ऐकू आली ती बहुधा विनोदासाठी. आजी विनोद करत नाही. ती आपली हकिगत सांगते आहे.

गाण्यांचा आरोप मात्र मला सविस्तर खोडायचा आहे, कारण तो नुसता चुकीचा नाही, वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. गाणी घालून वेळ भरणं या मुलांना परवडतच नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं टिकतो आणि शब्दांवरचा व चालीवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गाजलं; पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे, आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा २०६२ पर्यंत. रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी २०१२ च्या दुरुस्तीने वैधानिक परवान्याची सोय केली. ती इंटरनेटवरच्या सेवांना लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. समीक्षेसाठी लहानसा तुकडा वापरायला कायदा जागा ठेवतो, पण मंचांची स्वयंचलित यंत्रणा समीक्षा आणि चोरी यांत भेद करत बसत नाही. भागच उतरवला जातो. हक्क असूच नयेत असं मी म्हणत नाही. कवीच्या घरी पैसे गेलेच पाहिजेत.

पण या अडचणीतून काय निपजलं ते पाहा. सिनेमाचं गाणं लावता येत नाही म्हणून या मुलीने वडिलांना त्यांच्या भजनी मंडळातला अभंग म्हणायला बसवलं. तुकोबांवर कुणाचा मालकी हक्क नाही, आणि चाल गल्लीतल्या मंडळाची, कुणी बांधली ते कुणालाच ठाऊक नाही. ज्या गावाचं नाव बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर गायकीबरोबर महाराष्ट्रभर नेलं, त्याच गावातल्या एका साध्या भजनी मंडळाची ही चाल. माझ्या माहितीप्रमाणे ती आधी कुठेही मुद्रित झालेली नव्हती. पेटीचा भाता जुना आहे, फुसफुसतो. वडील दुसऱ्या चरणावर अडखळतात आणि आतून बायको शब्द पुरवते. संगीताचा अभ्यास करणाऱ्या कुणाला हे किरकोळ वाटत असेल तर त्याने अभ्यास कशाचा केला, हा प्रश्न मी विचारीन.

ऐकतं कोण? थोडेच. भिवंडीला गेलेले तिचे मामा, आखातात नोकरी करणारा एक चुलतभाऊ, आजीच्या माहेरचे काही जण, आणि काही अनोळखी. जात्यावरची ओवी ऐकायला तर समोरची एक बाई असे.

माझी मागणी एवढीच आहे, की जाणत्यांनी या कामावर टीका करावी ती पुस्तकावर करतात तशी, मन लावून आणि तपशिलात जाऊन. मीच सुरुवात करते. आजीच्या आवाजाखाली ती तबल्याचा एक तयार ठेका सोडते, तो काढायला हवा. आजीच्या बोलण्याला स्वतःची लय आहे आणि ठेका ती मारतो. मैत्रीवरच्या भागांत ती समेटाकडे फार लवकर धावते. अभंगाच्या भागात तर तिने मोठी जागा सोडली. चाल सांगता सांगता वडील मधेच म्हणतात, की ज्या वर्षी चार माग भंगारात घातले त्या वर्षी मंडळात जाणंच बंद केलं होतं. तिथे ती क्षणभरही थांबत नाही, लगेच अभंग सुरू करायला सांगते. तिने विचारायला हवं होतं. मजुरीचा दर काय होता, कर्ज कुणाचं होतं, भंगारवाला आला त्या दिवशी घरात कोण होतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, ते माझे पप्पा हाईत, स्टुडिओतले पाव्हणे न्हाईत. त्यांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील.”

मला अजूनही वाटतं, तिने विचारावं. शिकागोच्या लॉइडने बापाला विचारलं होतं. तिला वाटतं, विचारू नये, निदान आत्ता नको. हा खरा वाद आहे: मुलीने बापाला माइकपुढे किती विचारावं, हा. आक्षेप घेणाऱ्यांनी तो भाग ऐकावा आणि या वादात आपलं मत सांगावं. मग ते माझ्या विरोधात गेलं तरी चालेल.